एकटं गिऱ्हाईक

तीन बेटं फिरायला अख्खी स्पीडबोट एकट्यासाठी घेणारं गिऱ्हाईक रोशनने मालवणात कधी पाहिलं नव्हतं. साठीतल्या या माणसाकडे कॅमेरा नव्हता, पोहायचे कपडेही नव्हते. पहिल्या बेटावर तो उतरलाच नाही. बोटीत बसून प्रश्नच विचारत राहिला.

"बोट तुझ्याच नावावर आहे? दारू घेतोस? घरी कोण कोण असतं?"

हा नक्की बंदर खात्याचा माणूस, रोशनने ताडलं. कुणीतरी तक्रार केली असणार. दुसऱ्या बेटापर्यंत तो मोजकंच, जपून बोलला.

तिसरं बेट जवळ आलं तेव्हा त्या माणसाने थेट विचारलं, "कधी बोट उलटलीय तुझी?"

नाही म्हणणं सोपं होतं. रोशनने इंजिन बंद केलं. "दोन वर्षांपूर्वी. वारा वाढलेला दिसत असूनही मी बोट काढली. सहाही माणसं वाचली, पण चूक माझीच होती. परवाना काढून घ्यायचा तर घ्या, साहेब."

माणसाने मान डोलावली. "तेजलने मला हे सांगितलं होतं. तू सांगतोस का, ते बघायचं होतं."

म्हणजे हे तेजलचे बाबा! सावंतवाडीच्या तेजलला मागणी घालण्यासाठी तिच्या बाबांना भेटायचं धाडस रोशन दोन महिने गोळा करत होता.

"रविवारी आईला घेऊन घरी ये," बाबा म्हणाले. "आणि तयारीने ये. तेजलची आई माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते."