राखाडी किनारा, शेवटपर्यंत

"या महिन्यातही तोच पळापळीचा चित्रपट पहिला आला," मॅडमनी आकड्यांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "तीन गाड्या, एक हिरो आणि ढीगभर फुटलेल्या काचा. लोकांना हेच हवंय."

"लोकांना काय हवंय, हे लोकांना कधी कळलंय?" परीक्षक म्हणाला.

परीक्षक हे त्याचं ऑफिसातलं टोपणनाव. लांब पल्ल्याच्या विमानांत पुढच्या सीटच्या पाठीवर जो पडदा असतो, त्यावर कुठले चित्रपट आणि कुठल्या मालिका ठेवायच्या, हे तो ठरवायचा. माणूस जमिनीपासून अकरा किलोमीटर वर गेला की त्याची अभिरुची तेवढीच खाली येते, असं त्याचं मत होतं आणि कुणी विचारण्याची वाट न पाहता तो ते ऐकवायचा.

"तू ठेवलेले चित्रपट लोक दहा मिनिटांत बंद करतात," मॅडम म्हणाल्या. "तीन महिने देते. तेवढ्यात लोकांनी ते शेवटपर्यंत पाहिले नाहीत, तर निवड यंत्रावर सोपवायची. मग तू तक्रार विभागात. जेवण गार होतं, पाय पसरता येत नाहीत, तसली पत्रं वाचत बसशील."

परीक्षकाने चेहऱ्यावर नेहमीची आठी ठेवली आणि जागेवर जाऊन यादीत सगळ्यात वर 'राखाडी किनारा' टाकला.

तीन तास आठ मिनिटांचा चित्रपट. एक बाई, एक होडी, एक समुद्र. संवाद अकरा.

"आणि शेवटी काय होतं?" मॅडमनी दारातून विचारलं.

"शेवटी काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी तो नाहीच," परीक्षक म्हणाला. मॅडम हात जोडून निघून गेल्या.

घरी त्याची बायको सात महिन्यांच्या मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. मोबाइलवर कुठलीशी सासू-सुनेची मालिका अर्धी थांबलेली. तिचं सगळं पाहणं असंच, बाळाच्या एका डुलकीत अर्धा भाग, दुसऱ्या डुलकीत उरलेला. परीक्षकाने नाक मुरडलं.

"ही लोणच्याच्या बरणीसारखी बाई अजून आहे का यात?"

"आहे ना. आज तिने घर सोडलं." बायकोने मुलगी त्याच्या हातात दिली. "तू तुझा किनारा लाव बघू. पिल्लूला घेऊन निवांत बस. मी डोक्यावरून अंघोळ करून घेते."

"परत तोच? बारावी वेळ होईल."

"होऊ दे की. मला आवडतं तू तो लावलास की."

परीक्षक सुखावला. सहा वर्षांच्या संसारात कुठेतरी परिणाम होत होता म्हणायचा. त्याने मुलीला छातीवर घेतलं, कोचावर पाय लांब केले, पडद्यावर लाटा सुरू झाल्या. अंघोळ आणि मालिकेचे राहिलेले भाग उरकून बायको बाहेर आली तेव्हा शेवटची नावं सरकत होती आणि तो डोळे पुसत होता.

"कसा होता?" तिने हळू आवाजात विचारलं.

"प्रत्येक वेळी नवा वाटतो गं."

"हो ना," बायको म्हणाली आणि मुलीला अलगद उचलून घेऊन गेली.

तीन महिने संपले. मॅडमनी त्याला बोलावलं तेव्हा त्याने टेबलाचा खण आधीच रिकामा केला होता.

"बस," मॅडम म्हणाल्या. "किनारा पहिला आलाय. शंभरातल्या ब्याण्णव जणांनी तो मधे बंदच केला नाही. पहिल्या लाटेपासून शेवटच्या नावापर्यंत. मला काही कळत नाही बाबा. मुख्य कार्यालयाने तुला बोलावलंय. साऱ्या कंपनीची निवड तुझ्याकडे देणार आहेत. प्रेक्षक कसे घडवलेस, ते सांग म्हणे त्यांना."

"घडवावे लागतात," परीक्षक म्हणाला आणि छाती पुढे काढून बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच विमानात बसला. दुपारचं उड्डाण, चौदा तास. जेवणाचे ट्रे गेल्यावर त्याला राहवेना. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन तो वळला आणि पुढे पाहतच राहिला. सीटांच्या मधून पडदेच पडदे दिसत होते. राखाडी, राखाडी, राखाडी. मोजता मोजता तो एकतीसवर थांबला. इतकी वर्षं आपण यांना मेंढरं म्हणालो, असं त्याच्या मनात आलं. उद्याच्या भाषणात माफीचं एक वाक्य घालायचं त्याने ठरवलं.

आता त्याला चेहरे पाहायचे होते. तो पहिल्या रांगेपर्यंत चालत गेला आणि मागे वळला.

सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. तोंडं उघडी, चष्मे घसरलेले. एका आजोबांचं घोरणं लाटांच्या तालावर चाललं होतं. दर चार-पाच सीटांमागे कुणाच्या तरी मांडीवर एक बाळ गाढ झोपलेलं.

"अहो दादा, जरा बाजूला व्हा ना," दुसऱ्या रांगेतली बाई कुजबुजली. तिच्या कुशीतल्या मुलाचे डोळे अर्धे मिटले होते. "तुमची सावली हलली की हा उठेल. चाळीस मिनिटं लागलीत मला."

परीक्षक बाजूला झाला. "हा... हा चित्रपट तुम्हाला कुणी सुचवला?"

"कुणी म्हणजे? आयांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय की तो निरोप, तीन महिने झाले. कोण बाई आहे देव जाणे, तोंडात साखर पडो तिच्या." तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि एक इअरफोन त्याच्यापुढे केला. "ऐका तुम्हीच."

परीक्षकाने तो कानात घातला. आधी नळाचं पाणी वाजलं, मग एक ओळखीचा, हसू दाबलेला आवाज आला: "बायांनो, विमानात बसलात की डोळे मिटून 'राखाडी किनारा' लावा, मी घरी बारा वेळा करून पाहिलंय. बाळ विसाव्या मिनिटाला झोपतं, बाळाचा बाबा सातव्या. त्याला मात्र सांगितलेलं नाही हं, त्याचा फार लाडका चित्रपट आहे तो."