वैष्णवीचा अंगठा

सोनपेठच्या वाचनालयात अंधांना पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र आलं आणि ते तपासायला अंध वैष्णवीला बोलावलं. खरेदी समितीचे अध्यक्ष तिचे शाळेतले बन्सीधर सरच होते. तिनं बोटं फिरवली. नुसती गुळगुळीत काच, बटण एकही नाही. "हे सुरू कुठून करायचं?" "पडद्यावर लिहिलंय की, ताई!" विक्रेता म्हणाला. तेवढ्यात ग्रंथपाल दीपिका समितीनं आधीच तयार केलेला तपासणीचा अहवाल वाचता वाचता एकदम अडखळली. "ताई, यात तर तुमी यंत्र वापरलं, लय सोपं वाटलं, असं लिहिलंय. खाली तुमचा अंगठा हाय." मागच्या आठवड्यात सरांनीच हजेरीसाठी म्हणून तो उमटवून घेतला होता. "सर, मला सही येते. तुमीच शिकवली." ती दीपिकाकडे वळली. "दीपिका, खाली लिही, हे सगळं खोटं हाय. त्याखाली मी सही करते." सहीची जागा दाखवायला सरांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.