खाऱ्या पाण्यात हात

आमच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटची भीती जावी म्हणून खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. आज त्यातला काचेचा हीटर तडकलेला दिसला, म्हणून मी फिशटँकवाल्या ताईंना बोलावलं. गेल्याच आठवड्यात ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणत डॉक्टरांनी त्यांची अक्कलदाढ काढली होती. किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू आली. ताईंनी एका मोठ्याऐवजी दोन लहान हीटर आणले. “एखादा बिघडून चालूच राहिला तरी मासे शिजणार नाहीत,” म्हणाल्या. जुन्याचा प्लग काढून त्यांनी माझ्या काउंटरमागे ठेवला. तेवढ्यात डॉक्टर आले, बाही सरसावून म्हणाले, “मीच काढतो.” पाण्यापाशी मात्र हात थबकला. “शॉक नाही ना बसणार?” ताईंनी सुजलेल्या गालावरून हात फिरवला. “मुंगी चावल्यासारखं वाटेल.” डॉक्टरांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. प्लग माझ्या पायाशीच होता. मी गप्पच राहिले. माझीही दाढ त्यांनीच काढली होती.