वर्षभराच्या शेवया

दानम्मानं शेवयांची एक काडी उचलून मोडली. कट्‌ आवाज आला.

"वाळल्या," ती स्वतःशीच म्हणाली आणि पाचवा डबा पुढं ओढला.

शिवकन्या मोबाईल हातात धरून खाटेवर बसली होती. दुपारी नीटचा निकाल लागणार होता. लातूरच्या त्या गल्लीत आज प्रत्येक खोलीत एखादी पोर अशीच बसली होती. आणि तिची आई मात्र गच्चीवर वाळलेल्या शेवया खाली आणून डबे भरत होती. पत्र्याचे मोठे पाच डबे.

"एवढ्या कशाला?"

"वर्षभराच्या हायत."

शिवकन्यानं पाचही डब्यांकडं पाहिलं. म्हणजे आणखी एक वर्ष. आईनं निकालाआधीच निकाल लावून टाकला होता.

दोन वर्षांपूर्वी आप्पांनी मायलेकींना शिरूर अनंतपाळहून इथं आणून सोडलं होतं. दहा बाय बाराची खोली. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. पहाटे पाचला आईची हाक, मग क्लास, मग टेस्ट, मग पुन्हा तीच खाट. मागल्या वर्षी थोडक्यात हुकलं, तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. फोनवर आप्पांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "तुझी आई तुझ्यापायी घरदार सोडून तिथं कोंडून घेऊन बसलीय, एवढं ध्यानात ठेव."

शिवकन्या ते ध्यानात ठेवायची. पुस्तकावर डोळा लागला की दचकून उठायची आणि आधी आईकडं बघायची. आईचं तर आधीच काय कमी झालं होतं? किल्लारीजवळचं तिचं गाव भूकंपात बसलं, त्यात आईबाप गेले. ती तेव्हा आठ वर्षांची. चुलत्यानं वाढवलं आणि अठरा पुरी होताच लग्न लावून दिलं. मनाला वाटलं म्हणून चार दिवस जाऊन राहावं, असं ठिकाणच तिला नव्हतं. अशा बाईनं आपल्यासाठी या कोंडवाड्यात दोन वर्षं काढली.

"तुला वाटतच न्हाई ना, मी पास होईन म्हणून?" शिवकन्यानं विचारलं.

"होशील की."

"मग हे डबे कशाला भरायलीस?"

फडक्यात बांधलेला कडुलिंबाचा वाळका पाला दानम्मानं डब्याच्या तळाशी ठेवला. शेवयांवर हात फिरवून त्या निवल्या का ते पाहिलं. "ऊन हायत अजून. अशाच भरल्या तर वाफ धरत्यात, जाळी पडते," ती म्हणाली. "जरा सरक, वारं लागू दे."

शिवकन्या सरकली. बरोबर तीन वाजता तिनं नंबर टाकला. पान उघडलं. तिनं आकडे एकदा वाचले, मग बोट ठेवून पुन्हा वाचले.

"आई, झालं. सरकारी कॉलेज मिळंल."

दानम्मा उठली. पदराला हात पुसले, लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि तिला पोटाशी धरलं. ती रडत होती. शिवकन्याही रडली. पण तिचं रडू थांबलं तरी आईचं थांबेना. आई भिंतीकडं तोंड करून खाली बसली.

"काय झालं, आई?"

"ह्या शेवया आपल्या न्हाईत. विठाबाईच्या मेसच्या हायत. तिनं वर्षभराचं काम देते म्हणलंय. खोलीचं मालकाला बोलून ठेवलंय. तुझ्या आप्पाला सांगायचं मात्र धाडस हुईना."

शिवकन्याला कळेना. "म्हणजे तू इथंच राहणार?"

"मागल्या साली तू हुकलीस. उशीत तोंड घालून रडलीस." दानम्मा अडखळली. "मला बरं वाटलं होतं, शिवू. आणखी एक साल मिळालं म्हणून. देवाम्होरं हात जोडायची, पण तू पास व्हावीस असं तोंडातून निघायचं न्हाई. आता तू काय म्हणायचं ते म्हण."

शिवकन्याला खूप काही म्हणायचं होतं. ते सारं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण झिजत होतो, आणि ही?

पण तिला घरचं स्वैपाकघरही दिसलं. रोज सकाळी चूल पेटवून आई आजीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आज काय रांधू, हे विचारायला. एकवीस वर्षं. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी आईनं बाजारातून एवढीशी कारली आणली होती. घरात कुणाला चालत नाहीत म्हणून तिथं कधी शिजली नव्हती. आईला कारली आवडतात, हे शिवकन्याला तेव्हा समजलं होतं.

ती खाटेवरून उतरली आणि आईशेजारी जमिनीवर बसली.

मोबाईल वाजला. आप्पा होते. निकाल त्यांना कुणीतरी आधीच कळवला होता. दुकानात पेढे वाटत होते, मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. शिवकन्यानं स्पीकर चालू केला.

"जिंकलीस पोरी," ते म्हणाले. आवाज भरून आला होता. "तुझ्या आईला दे."

शिवकन्यानं आईकडं पाहिलं. दानम्मानं मान हलवून नको म्हटलं. शिवकन्यानं तिचा हात धरला, मोबाईल त्यात ठेवला आणि वरून बोटं मिटवली.

"ऐकायलीस का?" आप्पा म्हणाले. "सुटलीस बघ एकदाची. परवा सकाळी टेम्पो घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

दानम्मानं डोळे पुसले.

"बांधते," ती म्हणाली. "पोरीचं बांधते."