पिपाणीच्या हिरड्या

“हे बघ. तूच बघ आता.” ताईने आल्या आल्या पिशवीतून टूथब्रश काढला आणि दंतवैद्य भावाच्या टेबलावर आपटला. ब्रशच्या पांढऱ्या केसांत गुलाबी डाग वाळले होते. “आज सकाळचा आहे. आणि म्हणे, सोडलं!”

भावाने ब्रशकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या भाचीकडे. भाची बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, म्हणून मामाने तिचं नाव पिपाणी ठेवलं होतं. आज पिपाणीचं तोंड गच्च मिटलेलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत मामाने तिला बजावलं होतं, की व्हेप, ती निकोटिनच्या वाफेची ई-सिगारेट, ओढणं थांबवलं नाहीस तर वरचा पुढचा दात जाईल, आणि दात गेला की ट्रम्पेटही गेलं. तिने ती पेनासारखी नळी तिथल्या तिथे त्याच्या हातावर ठेवली होती. अजून ती खणात पडून होती.

“तुझ्याकडे दिली म्हणून काय झालं?” ताई म्हणाली. “दुसरी मिळत नाही? मी ट्रम्पेट कपाटात घालून कुलूप लावलंय. खरं बोलेपर्यंत किल्ली मिळायची नाही. मग रविवारी बँड हिच्याविना वाजला तरी चालेल.”

“खरंच बोलतेय,” पिपाणी म्हणाली. “तेच तेच सांगून तोंड दुखलं माझं.”

“ते कशाने दुखतंय, तेच बघायला आलोय,” ताई म्हणाली.

मामाने दिवा खाली ओढला. त्यालाही मनातून खात्री नव्हती. “कधीच सोडलं, डॉक्टर,” असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या श्वासाला व्हेपमधल्या स्ट्रॉबेरीचा वास येतो, हे त्याने पुष्कळदा अनुभवलं होतं. ही तर घरचीच पोर. तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि नेमकी त्याचीच त्याला भीती वाटत होती.

त्याने मापाच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवली. रक्ताचा थेंब वर आला. पुढच्या दाताशी आणखी एक.

“आलं बघ!” ताई खांद्यावरून वाकून म्हणाली. “आलं की नाही?”

मामाचा हात थांबला. मागच्या वेळी याच तोंडातून एक थेंबही आला नव्हता. तेव्हा हिरड्या फिकट आणि घट्ट होत्या, पाहुण्यांसमोर हाताची घडी घालून बसलेल्या शहाण्या मुलांसारख्या. सळई मात्र आत भलतीच खोल गेली होती. आज हिरड्या लालबुंद होत्या, जिथे टेकवावं तिथे पाझरत होत्या, पण सळई तेवढी आत जात नव्हती. त्याने पुन्हा मोजून पाहिलं. स्वतःच्या मोजणीवरही त्याचा लगेच विश्वास बसत नसे. मग पुढचा दात बोटाने हलवून पाहिला. तोही सावरला होता.

“ताई, जरा बस.”

“बसत नाही. बोल.”

“निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आत सूज असते, हाड झिजत असतं, पण रक्त बाहेर दिसत नाही. सगळं छान चाललंय असं वाटतं. ते बंद झालं की रक्त पुन्हा खेळायला लागतं आणि काही आठवडे हिरड्या अशा वाहतात.” तो अडखळला. “नुसत्या रक्तावरून मी बोललो नसतो गं. पण आतली सूजही उतरलीय. हिने सोडलंय.”

ताईने ब्रशकडे पाहिलं. “म्हणजे ओढत असती तर...”

“तर बहुतेक हा ब्रश पांढराशुभ्र राहिला असता.”

“ते मला ठाऊक होतं,” खुर्चीतून पिपाणी म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

“का, ते नव्हतं ठाऊक. पण ओढायचे तेव्हा रक्त येत नव्हतं आणि सोडल्यावर यायला लागलं, एवढं दिसत होतं की. रोज वाटायचं, चार झुरके मारले तर ब्रश स्वच्छ होईल. आईचा विश्वास बसेल आणि ट्रम्पेट मिळेल.”

“मग?” मामाने विचारलं.

“मग काय मग? सोडलं म्हणाले होते ना.”

मामाने उगाचच दिवा बंद केला, पुन्हा लावला. तिला काहीतरी मोठं, मनापासूनचं सांगावं असं त्याला फार वाटलं.

“चूळ भर,” तो म्हणाला.

पिपाणी बेसिनवर वाकली. ताईने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एक किल्ली सोडवायला लागली. कडी घट्ट होती, नखाला दाद देईना. भावाने ट्रेमधली एक चपटी सळई मुकाट्याने पुढे केली.

“वापरलेली नाही,” तो हळूच म्हणाला.

कडी उघडली. ताईने किल्ली टेबलावर ठेवली, लेकीला दिसेल अशी. मग तिने तो डागाळलेला ब्रश उचलला, आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, ती सोन्याच्या कुड्या ठेवायची तिथे, जपून ठेवला.