स्वच्छ पाण्यातले शिंपले

कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं समुद्राचं पाणी टाकीत सोडलं, की आमच्या प्रयोगशाळेतले शिंपले मिटतात. स्वच्छ पाण्यात ते उघडे राहतात.

आज पाणी स्वच्छ होतं. सातवा महिना लागलेली वहिनी माझा डबा घेऊन आत आली आणि बाराही शिंपले मिटले.

"माझं तोंड बघवत नाही वाटतं यांना!" वहिनी हसली.

मी तिला दाराबाहेर उभं केलं. शिंपले उघडले. आत बोलावलं, तर मिटले. टाकीतलं सगळं पाणी बदलूनही तेच झालं.

"वन्सं, पुरे झाला हा खेळ. पाय दुखले माझे."

मी खुर्ची दिली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती हळूच म्हणाली, "बाळ सकाळपासून एकदाही हललेलं नाही गं."