बसल्यावर छप्पन

शिवणाच्या डब्याचं झाकण टण्णकन उघडलं, तेव्हा कुठं सकाळपासून मुक्या असलेल्या घराला आवाज फुटला. नवऱ्यानं खुणेनं मागितलेली मापाची टेप राखीनं काढली, गळ्यात टाकली आणि ती पोर्चमध्ये आली.

कपिल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आपल्या गाडीकडे पाहत होता. लांबच्या प्रवासाची, म्हशीसारखी दणकट मोटरसायकल. दोन वर्षांपूर्वी हिच्यावरून तो वणीहून थेट स्पितीपर्यंत जाऊन आला होता. आता तीन महिने ती जागची हलली नव्हती. सीटवरची कोळसाखाणीची भुकटी राखी रोज पुसायची, भुकटी रोज पुन्हा बसायची.

"सोमवारी नागपूरले गाडीनंच जाऊ," तो म्हणाला. "भाड्याच्या कारमध्ये पडून गेलो का मले पेशंटसारखं वाटते."

"अहो, पण डॉक्टर..."

"डॉक्टरचं राहू दे. गाडीले विचारू. मी बसलो का मागचा भाग दबून छप्पन सेंटीमीटरवर येते, नेहमीचा हिशेब आहे. आला तं गाडीनं. नाही आला तं तू म्हणशील तसं."

राखीनं लगेच मान डोलावली. सुटका इतकी सोपी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या नटापासून सीटखालच्या दांड्यापर्यंत साठ सेंटीमीटर भरले. मग तिनं एकटीनं गाडी डबल स्टँडवरून खाली घेतली, कपिलला धरून आणलं, त्याचा पाय उचलून सीटपलीकडे टाकला. त्यानं कोपर भिंतीला टेकवलं, दोन्ही पाय वर घेतले. पाच वर्षांची मैत्रेयी टेपचं टोक नटावर दाबून उकिडवी बसली. कामाला लावलं म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"एकोणसाठ," राखी म्हणाली. पटकन म्हणाली.

"शॉकअप कडक झाला," कपिल तितक्याच पटकन म्हणाला. "उभ्या गाडीत कोळसा बसला असंल. स्प्रिंगखालचं कडं ढिलं कर. खाचा आहेत पाह्य त्याले."

तिनं जुन्या टूथब्रशनं कडं घासलं, तेल सोडलं, आकडीसारखा पाना खाचेत अडकवून जोर लावला. पाना निसटला. बोटाची साल गेली.

"उलटं फिरव ना बाई! पोळी लाटून राह्यली काय?"

आठवड्यात पहिल्यांदा तो हसला. मैत्रेयीही हसली. राखीनं बोट तोंडात धरलं आणि तीही हसली.

कडं सरकलं. आणखी एक खाच. मग आणखी एक.

"आता खाचच नाही पुढं," ती म्हणाली. "सगळ्यात नरम हीच."

"बस झालं. आता येतेच खाली. मोज."

उठण्याआधी तिनं मागच्या सीटवर सहज तळहात रेटून पाहिला होता. स्प्रिंग लोण्यासारखी खाली गेली आणि तशीच वर आली. गाडीला काही झालं नव्हतं. ऐंशी किलोचा माणूस बसायचा तिच्यावर. परवा काट्यावर चोपन्न भरले, तर तो म्हणाला, दवाखान्यातला काटा बिघडला आहे. राखी तेव्हा हो म्हणाली होती.

तिनं टेप ताणली. पाठमोऱ्या कपिलचा शर्ट पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता, आत खांद्याच्या दोन फऱ्यांची हाडं. टेपवर अंगठा ठेवून ती आकड्याकडे पाहत राहिली.

"किती?"

खरं सांगितलं की सोमवारी कार. तिला हवी होती तशी. पण आता दोष द्यायला एकही खाच उरली नव्हती, आणि भिंतीला टेकलेलं ते कोपर थरथरत होतं.

"किती आलं, राखी?"

"छप्पन," ती म्हणाली.

कपिलनं टाकीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? गाडी खोटं नाही बोलत! सोमवारी सहाले निघू, ऊन चढायच्या आत. मैतू पुढं, तू मागं."

नागपूरच्या वाटेवरचं जांबचं वळण, ओव्हरलोड ट्रक, आणि हँडलवर हे हात. राखीनं टेपवरचा अंगठा तसाच दाबून धरला.

मैत्रेयीनं टेपचं टोक सोडलं. उठून ती आईला चिकटली आणि तिच्या अंगठ्याशी बोट नेऊन नुकतेच शिकलेले आकडे एकेक करून वाचले. मग बाबांना सहज ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं विचारलं,

"आई, पाच अन् आठ म्हणजे छप्पन असते काय?"